राखाडी गळपट्टी

तिचं नाव मी विचारलंच नाही. महाबळेश्वरहून पोलादपूरला येताना एसटीत माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसून ती क्रोशाच्या सुईनं राखाडी गळपट्टी विणत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच साधा टाका आणि टोकाला एक बटण. "सासूसाठी हाय. शेतावर पण घालता येते, लग्नाला पण," मी न विचारताच तिनं सांगितलं. प्रत्येक टाक्याला तिचं कोपर मला लागत होतं. वर्गात पोरांना दटावते त्याच आवाजात मी म्हणाले, "अहो, आवरा ते. लागतंय मला." तिनं विणकाम मांडीवर ठेवलं.

आंबेनळी घाटाच्या वळणांवर मला मळमळायला लागलं आणि पिशवी काढायच्या आतच उलटी झाली. तिनं मांडीवरची गळपट्टीच माझ्या तोंडाशी धरली. दुसऱ्या हातानं पाठ चोळत राहिली.

"तुमचं विणलेलं वाया गेलं हो," मी कशीबशी म्हणाले.

"नाय गो बाय. उसवीन, धुवीन, परत विणीन."

कुडपणच्या फाट्यावर ती उठली. मी पाय आखडून घेतले. दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरून, मला जराही लागणार नाही अशी जपत, ती माझ्यासमोरून गेली.