नजरेच्या मापाचा कोट

आमच्या गल्लीतले शिंपी मास्तर गळ्यात टेप अडकवतात ते निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माप घेतात नजरेनं. मी दुकानाची पायरी चढतानाच ओरडतात, "या! कंबर दीड इंच पुढे आलीय!" माझं पोट सुटल्याची बातमी माझ्या बायकोच्या आधी त्यांना लागते.

मास्तरांची एकुलती लेक नोकरीसाठी परमुलखात गेली आणि दुकानात वेबकॅम आला. वेबकॅम म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवलेला वाटाण्याएवढा डोळा. त्याच्यासमोर बसलं की माणूस पलीकडच्याला दिसतो. काकू तर इतक्या जवळ बसतात, की लेकीला आईची फक्त भुवई दिसते. "आई, मागे सरक गं!" यातच पहिली पाच मिनिटं जातात.

मध्यंतरी दोन महिने लेकीचा वेबकॅम बिघडला होता, म्हणे. नुसता आवाज यायचा. सुरू झाला त्या रविवारी काकू हरखल्या, "किती उजळलीस गं!" मास्तर मात्र तिचे खांदे बघत होते.

"तिकडे थंडी असेल. कोट शिवून पाठवतो," एवढंच म्हणाले.

तिच्या जुन्या मापाचा कागद कपाटात होता. तो त्यांनी काढलाच नाही. वेबकॅममध्ये दिसलं तेच माप धरून कापड बेतलं. छातीत चार इंच कमी, खांद्यात दीड.

मी म्हटलं, "मास्तर, हा तर शाळकरी पोरीचा कोट!"

"जाऊ दे वाया. अंगात शिरत नाही म्हणून तिनं मला शिव्या घातल्या ना, तर अख्ख्या गल्लीला जेवण घालीन."

कोट पोचला. पुढच्या रविवारी मी दुकानातच होतो. लेक कोट घालून वेबकॅमसमोर उभी राहिली. "बघा बाबा, अगदी मापात!"

"काखेत घट्ट होतोय ना?"

"छे हो."

"बटणं ओढली जात असतील. हात वर कर बघू."

तिनं दोन्ही हात वर केले. कोट कुठंही ताणला गेला नाही.

मास्तरांनी खुर्ची वेबकॅमजवळ ओढली. "पोरी, काय झालंय तुला?"

पडदा काळा झाला. वेबकॅम तिनंच बंद केला होता. मग अगदी हळू आवाज आला, "सांगते, बाबा. पण आधी आईला बाहेर पाठवा."

काकू मास्तरांच्या खुर्चीशेजारीच, पण वेबकॅमच्या नजरेबाहेर उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे बघून 'जाणार नाही' अशी मान हलवली आणि तोंडावर हात घट्ट दाबून धरला.

"ती इथे नाहीये," मास्तर म्हणाले. "सांग."