मी राहते तेवढा भाग

माझा पाय आमच्या घराच्या पहिल्यांदा उपयोगी पडला तो घरपट्टीच्या निमित्ताने. दादा वॉर्ड ऑफिसात घरपट्टी भरायला गेला होता. तिथे रांगेत त्याला कुणीतरी सांगितलं, की घर दिव्यांग माणसाच्या नावावर असेल आणि तो माणूस स्वतः तिथे राहत असेल तर घरपट्टीत सवलत मिळते. दादा तसाच तडक माझ्या खोलीत आला, चप्पलही न काढता, आणि म्हणाला, "बाय, तुजा तो दाखला कुठं हाय?" त्याआधी तो माझ्या खोलीत कधी आला होता ते मला आठवेना. आईच्या वर्षश्राद्धाला असेल बहुतेक.

आमचं घर बोनकोडे गावात आहे. वडिलांनी बांधलं तेव्हा बैठं होतं, दादाने त्यावर मजले चढवले. पहिल्या मजल्यावर दादा, वहिनी आणि त्यांची मुलं, त्याच्यावर भाडोत्री. खाली रस्त्याच्या बाजूला दोन गाळे, आणि जिन्याखालून मागे गेलं की माझी खोली. लहानपणी पोलिओत माझा डावा पाय गेला. दाखल्यावर मी दिव्यांग आहे, गावात लंगडी आणि घरात बाय. पण नोकरी केली मी, बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात, टेलिफोन बोर्डावर. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. कुबडीने खांदा कामातून गेला तेव्हा वेळेआधीच निवृत्ती घेतली. आई होती तोवर आम्ही दोघी खाली राहायचो. आई गेल्यावर मी एकटीच उरले.

माझं जेवण वरून येतं. अगदी खरोखरच वरून येतं. वहिनी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, ती माझ्या खिडकीच्या ग्रिलशी येऊन थांबते. पूर्वी ती भाजीवाल्यासाठी होती. वरून हाक येते, "ताय, डबा." मी डबा काढून घेते, कालचा धुतलेला आत ठेवते आणि दोरी हलवते, की पिशवी वर. वहिनीच्या हाताला चव आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. तिचेही गुडघे दुखतात, रोज जिना कोण चढउतार करणार? पण कितीतरी दिवस असे जायचे की घरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, नुसती पिशवी दिसायची. मग मी पिशवीशीच बोलायचे. "आज उशीर केलास गो," असं काहीतरी.

मी वर का जात नाही, असं कुणी विचारेल. गणपतीला पुतणे मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायचे. एका वर्षी जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली, मी किंचाळले, सगळे हसले, मीही हसले. पुढच्या वर्षी मी सांगितलं की मला बरं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही.

तर दाखला मी काढून दिला. पुढचं सगळं दादानेच केलं. आमच्या गावातल्या घरांचं एक आहे. नवं शहर वसवायला जमिनी गेल्या तेव्हा सातबारे गेले, आणि नंतर पोराबाळांसाठी जी घरं गरजेपोटी उठली त्यांना कागद म्हणावा असा एकच, घरपट्टीची पावती. विजेचा मीटर घ्या, नाहीतर भाडोत्री ठेवा, आधी पावती दाखवा. कायदा काय म्हणायचं ते म्हणो, पावतीवर ज्याचं नाव त्याचं घर, असं गाव मानतं. हे दादाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण सवलत म्हटल्यावर आमच्या माणसांना पुढचं दिसत नाही. पावती अजून वडिलांच्याच नावावर होती. दादाने स्टॅम्प पेपरवर ना हरकत लिहून दिली, तो सांगेल तिथे मी सह्या केल्या आणि घर माझ्या नावावर झालं. वहिनीने त्या दिवशी पिशवीतून शिरा पाठवला.

पहिली पावती दादा दाखवायला घेऊन आला. मी माझं नाव वाचलं. हे नाव मी पगारपत्रकावर वाचलं होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर वाचलं होतं, घराच्या कागदावर कधी वाचलं नव्हतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे लेकीचं नाव लग्नपत्रिकेवर छापून येतं आणि तिथून ते दुसऱ्याच्या घरी जातं. माझी पत्रिका काही निघाली नाही. मी पावती परत दिली आणि दादाला म्हटलं, भाडं वेळेवर देत जा. तो हसला आणि जिना चढून गेला.

मग पालिकेचा माणूस पाहणीला आला. तरुण होता, नम्र होता. घराचे मालक कोण, असं विचारल्यावर दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला, मी कुठे राहते ते विचारलं. मी खोली दाखवली. वरती कोण राहतं? भाऊ. त्याच्यावर? भाडोत्री. पुढचे गाळे? तेही भाड्याने. त्याने माझी खोली टेपने मोजली, न्हाणीसकट, आणि समजावून सांगितलं की सवलत मिळेल, पण मालक स्वतः राहतो तेवढ्याच भागाची. बाकीच्याला नेहमीची घरपट्टी. दादाने त्याला पुन्हापुन्हा विचारलं, की घर सगळं हिचं असताना सवलत खोलीपुरती कशी? तो म्हणाला, नियम तसाच आहे. आंबा खायला झाडावर चढावं आणि हाती नुसता पाला यावा तसं दादाचं तोंड झालं. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला.

तिथेच सगळं थांबलं असतं. पण गावात गोष्ट लपत नाही. देवळाच्या कट्ट्यावर भावकीने दादाला धारेवर धरलं. तू आता बहिणीचा भाडोत्री झालास, तिने बाहेर काढलं तर आमच्याकडे ये, असं म्हणाले म्हणे. थट्टाच होती, पण दादाला ती लागली. वहिनीच्याही मनात आलं, की ही एकटी खाली असते, उद्या कुणी गोड बोलून हिची सही घेतली तर? तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. थोड्याच दिवसांत दादा नवा कागद घेऊन आला. घर पुन्हा त्याच्या नावावर करायचं, खाली माझी सही.

मी म्हटलं, "ठेव. वाचते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो विचारायला आला. मी म्हटलं, वाचून झालं नाही. तो खाटेच्या कडेवर बसला. चहा करू का विचारलं तर कर म्हणाला. तिसऱ्या दिवशीही आला. मग रोज येऊ लागला, दिवेलागणीनंतर, टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की. आधी कागदाचं बोलायचा, मग नळाच्या पाण्याचं, मग भाडोत्र्यांचं. त्याची साखर वाढली होती ते मला तेव्हा कळलं. एकाच घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. मी मुळात हट्टी आहे, पण हा हट्ट नव्हता. त्या कागदात वाचण्यासारखं होतं काय? पानभर मजकूर. पहिल्याच दिवशी वाचून झाला होता.

मी त्याच्यासाठी जवळा भाजायला लागले. वहिनीने त्याची सुकी मासळी बंद केली होती, त्यामुळे तो चोरासारखा खायचा आणि वर जाताना तोंड धुऊन जायचा. तरी वास जातो का? वहिनीने एकदा गॅलरीतूनच मला विचारलं, ताय, तू यांना काय खायला घालतेस? मी म्हटलं, कागद वाचून दाखवते. तीही हसली. घर दोन मजल्यांवरून असं हसल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

एकदा दादा म्हणाला की लहानपणी तो मला पाठुंगळीला घेऊन खाडीच्या बांधावर चिंबोऱ्या पकडायला न्यायचा, तेव्हा मी त्याचे कान धरून बसायचे. माझे दोन्ही हात त्याच्या कानांना, आणि तो ओरडतोय की सोड. ते मला आठवत होतं. त्याला आठवतंय हे माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी कागद काढून पाहिला. सही करायची रेघ मोकळी होती, आणि ती मोकळी राहील तोवर माणूस खाली येणार होता. मला घर नको होतं. तीन मजले घेऊन मी काय करणार, मला तर पहिलाही चढता येत नाही. मला तो खाटेच्या कडेवर बसलेला हवा होता. एवढंच होतं, आणि ते त्याला सांगायची मला लाज वाटत होती. सख्ख्या भावाला ये म्हणून सांगायचं, याच्याएवढी नामुष्की नाही.

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. भाऊबीजेला त्याने ओवाळणीत साडी घातली आणि म्हणाला, आता तरी कर सही. मी म्हटलं, साडीचा रंग आवडला तर करते. रंग चांगला होता, तसं मी सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आला. चेहरा खुललेला होता. बेलापूरच्या एका वकिलाला विचारून आलो, म्हणाला. खाटेवर बसलाही नाही, उभ्यानेच सांगायला लागला.

"वकील बोल्ला, कशाला बहिनीच्या मागं लागतोस? तिला नवरा नाय, पोर नाय. तिच्यामागं सगलं तुमच्याकडंच येनार हाय. तवर राहू दे तिच्या नावावर, सवलत पन चालू राहील."

तो हे खरोखर आनंदाने सांगत होता. मला त्रास नको, त्यालाही त्रास नको, असा सरळ हिशोब. माझ्या मरणाचं आपण बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. त्याने माझ्या उशीखालचा कागद मागून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. मला म्हणायचं होतं की थांब, मी करते सही. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"उद्या येशील ना?"

"उद्या? कशाला? काम झाला ना आता."

तो चहा न घेता गेला. जवळा भाजून ठेवला होता, तो मी खाल्ला. रडले. रागही आला. वकिलाचा आला, दादाचा आला, त्या सवलतीचा आला. दुसऱ्या दिवशी दादा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वरून बातम्यांचा आवाज यायचा, संपायचा, आणि जिना गप्प राहायचा. पिशवी मात्र वेळेवर यायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी पिशवी आली तेव्हा मी डबा काढून घेतला नाही. दोरी हलवली, पिशवी जड तशीच वर गेली. वहिनीने विचारलं, काय गं, भूक नाही? कुंकू नीट केलं... नाही, कुंकू मी लावत नाही, टिकली लावते, ती लावली. भाऊबीजेची साडी नेसले आणि जिन्याशी गेले.

जिना मी बसून चढले. पाठ वरच्या बाजूला करायची, पायरीवर बसायचं, हातांवर जोर देऊन वरच्या पायरीवर सरकायचं आणि मग कुबडी ओढून घ्यायची. खांदा पहिल्या वळणालाच बोलायला लागला. वरची एक भाडोत्रीण खाली येत होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, काकी, काय हवंय, मी आणून देते. मी म्हटलं, आणून देण्यासारखं नाही. साडीचा मागचा भाग धुळीने भरला. वळणावर दम खाल्ला. खाली पाहिलं नाही.

दार वहिनीने उघडलं. मला उंबऱ्याशी बसलेली पाहून तिने आधी दादाला हाक मारली, मग मला विचारलं, काय झालं, कुणाला काय झालं? दादा धावत आला. दोघांनी मला धरून उठवलं.

"काय नाय झाला," मी म्हटलं. "बसायला आले."

आमच्याकडे शेजारणी एकमेकींकडे बसायला जातात, कामाशिवाय, दुपारच्या. मी कधी कुणाकडे बसायला गेले नव्हते. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं. खोली ओळखू येईना. भिंतीवर आईचा फोटो होता, मोठा, चौकटीतला, हार घातलेला. आई खाली माझ्याजवळ गेली आणि तिचा फोटो इथे होता, तो मी पहिल्यांदा पाहत होते. दादाने टीव्हीचा आवाज कमी केला, मग उगाच थोडा वाढवला. वहिनी आत गेली आणि ट्रेमधून पाणी घेऊन आली, ग्लासाखाली छोटी बशी ठेवून. पाहुणे आले की काढतात तो ट्रे.

मी ग्लास उचलला, पाणी सगळं प्यायले.

"वयनी," मी म्हटलं, "ट्रे नको काढत जाऊस. मी रोज येनार हाय."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा टीव्हीकडे पाहत होता.