दादाच्या खिशातलं पिवळं कार्ड

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझा धंदा ठिबक सिंचनाचा. पाणी येत नसेल तर मी फिल्टर उघडून बघतो, लिंबू उतरवत बसत नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते बहुतेक वेळा खोड काढायलाच. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली, आणि इतकी वर्षं झाली तरी आठवली की डोकं फिरतं. भीती वगैरे नाही हो… राग येतो. सरळ सरळ राग.

गाव पळसदेव, तालुका इंदापूर. उजनीच्या पाण्याच्या काठाला आमची शेती. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी मेंढरं सोडून जमीन धरली. वडील गेल्यावर घरात आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि मी. मी बारामतीला एका ठिबकच्या डीलरकडे नोकरीला होतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. गावात फोन म्हणाल तर हायवेवरच्या किराणा दुकानात, तेवढाच.

आफ्रिकेत झांबिया नावाचा देश आहे. तिथे लुसाका शहराजवळ गुलाबाच्या फार्मवर ठिबक बघायला माणूस पाहिजे होता. माझं ठरलं. अट एकच – सोमवारी सकाळी कामावर हजर, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. मी बारामतीचा राजीनामा देऊन मोकळा झालो. आता परत फिरायला जागाच नव्हती.

दादाला हे अजिबात पसंत नव्हतं. "हितं आपल्या उसाला पानी पाजायला मानूस मिळंना, आन तू परक्याच्या फुलास्नी पानी पाजायला निघालास व्हय रं?" महिनाभर हेच. शेवटचे आठ दिवस तर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

तिकीट माझ्या खिशातून काढायचं होतं, म्हणून सगळ्यात स्वस्त घेतलं. मुंबई ते नैरोबी, नैरोबीत तेरा तास बसायचं, मग लुसाका. एजंट म्हणाला, "आराम करा, विमानतळ बघा." म्हणे विमानतळ बघा! मी काय सहलीला चाललो होतो?

या नैरोबीमुळेच ते पिवळं कार्ड आलं. तिकडून पुढे जायचं तर यलो फिव्हरची लस टोचल्याचा दाखला लागतो. छोटं, पिवळं, घडीचं कार्ड. मुंबईला जाऊन लस टोचून घेतली, दोन दिवस तापाने फणफणलो, आणि ते कार्ड मिळवलं.

आता आमच्यातली एक पद्धत. लांब जाणाऱ्याच्या वस्तू आदल्या दिवशी देवापुढे ठेवायच्या. आजोबांच्या वेळी काठी आणि घोंगडं ठेवायचे. माझ्याकडे कुठली काठी? मग आईने पासपोर्ट, तिकीट, नोकरीचं पत्र आणि ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, बिरोबाच्या टाकापुढे. टाक म्हणजे देवाची मूर्ती कोरलेला चांदीचा पत्रा. वरून भंडारा उधळला, सगळे कागद हळदीने पिवळेधमक! सकाळी जीपवाला बाहेर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आई रडतेय, मी देव्हाऱ्यातून कागद उचलले, झटकले आणि पळालो. दादा निरोप द्यायलाही आला नाही. खाली पाण्याकडे मोटार बिघडली होती, ती उघडून बसला होता.

नैरोबीला सकाळी सातला उतरलो. पुढच्या विमानाच्या काउंटरवर एक उंच बाई होत्या. पासपोर्ट घेतला, एकेक पान उलटून बघितलं आणि म्हणाल्या, "यलो कार्ड?"

मी खिसे बघितले. बॅग बघितली. मग बाईंनी स्वतः बॅग टेबलावर उलटी केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कपडे, पाइपला भोक पाडायचा माझा पंच… कार्ड नाही. 

बाई म्हणाल्या, कार्ड नाही तर लुसाका नाही. पासपोर्ट इथे माझ्या ड्रॉवरमध्ये राहील, पाच वाजेपर्यंत काही झालं नाही तर रात्रीच्या विमानाने मुंबईला परत. मी हाता-पाया पडायचा बाकी होतो. शेवटी त्यांनी एक फॅक्स नंबर दिला. "घरी असेल तर कार्डाचा नंबर आणा आणि कॉपी मागवा. मग साहेबांना विचारते."

तिथल्या टेलिफोनच्या काउंटरवरून गावच्या दुकानात फोन लावला. नशीब म्हणा, कालपासून उघडलेल्या त्याच मोटारीचा बोल्ट घ्यायला दादा दुकानातच आला होता.

"दादा, कार्ड राहिलं बघ. देव्हाऱ्यात असंल. पिवळं."

"आयला भान्या! येवडा शिकलास आन…"

"शिव्या मग दे. आधी बघ!"

तासाभराने परत फोन केला. दादा धापा टाकत होता. "घावलं. टाकाच्या खाली गेलतं. माज्या हातात हाय."

"नंबर वाच."

त्याने नंबर वाचला, दोनदा. मी तिकिटाच्या पाकिटावर पेनाने लिहून घेतला. फॅक्सचा नंबर त्याला दिला आणि म्हटलं, बारामतीला माझ्या जुन्या डीलरकडे मशीन आहे, पळ. तो म्हणाला, "मोटार तशीच उघडी टाकून आलोय रं… जातो, जातो. ठिव फोन."

दुपारी बारा वाजले. एक वाजला. फॅक्स नाही. दोन वाजले. मी दर अर्ध्या तासाने काउंटरवर जायचो आणि बाई नुसती मान हलवायच्या. डीलरकडे फोन लावला तर लागेना. चार वाजता माझ्या मनात आलं ते आता लिहायलाही लाज वाटते… म्हटलं, हा मुद्दाम करतोय. ह्याला मी गेलेलो नकोच आहे. बसला असेल आरामात मोटारीपाशी. 

पाचला बाईंनी बोलावलं. मुंबईला परत पाठवायचा कागद त्यांनी भरूनही ठेवला होता. ड्रॉवरचं कुलूप काढलं, माझा पासपोर्ट बाहेर काढला, उघडला आणि थांबल्या.

पासपोर्टमध्ये कार्ड होतं. पिवळं. माझ्या नावाचं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. मग त्या भडकल्याच! कार्ड होतं तर दिवसभर माझा वेळ का खाल्ला, तुम्ही लोक कागद नीट का दाखवत नाही, वगैरे. अहो, पासपोर्ट तुमच्या ड्रॉवरमध्ये, कुलूप तुमचं, सकाळी पानं तुम्हीच उलटलीत! पण हे मी बोललो नाही. बाईंचं मन फिरलं असतं तर? शिक्का घेतला आणि पळालो.

सोमवारी सकाळी फार्मवर हजर.

आठवड्याने गावच्या दुकानात फोन लागला, दादाला बोलावून घेतलं. दादाचं म्हणणं असं – कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात घातलं, बटण लावलं. पहिली एसटी इंदापूरची आली, तिने इंदापूर, तिथून बारामतीची गाडी धरली. डीलरच्या दुकानात बटण काढून बघतो तर खिशात कार्ड नाही. दोन्ही स्टँड पालथी घातली, गाडीच्या सीटखाली शिरून बघितलं. नाही.

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस. कार्ड माझ्याकडंच होतं. पासपोर्टात. तुझ्या हातात आलंच नव्हतं."

"आरं मी नंबर वाचला की तुला!"

मी फोन आपटला. वर आणि पत्र लिहिलं. चार पानं. तू खोटारडा आहेस, तुला माझं वाईटच व्हायला पाहिजे होतं, असलं काय काय. त्याला नंबर कुठून कळला, हा साधा प्रश्न माझ्या शहाण्या डोक्यात आला नाही. राग असला की माणूस फिल्टर उघडून बघत नाही… मीसुद्धा नाही.

दोन वर्षं आमचं बोलणं बंद.

कंत्राट संपलं, सामान आवरायला घेतलं, आणि पेटीच्या तळाशी ते तिकिटाचं पाकीट सापडलं. त्यावर माझ्याच अक्षरात नंबर. कार्ड काढलं. नंबर तोच! एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मग कार्ड दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. घडीत भंडारा, ठीक आहे, तो आईचा. पण मागच्या बाजूला एक काळा ठसा होता. अंगठ्याचा, ऑइलचा. आणि मधून आडवी कोरी रेघ.

दादाचा उजवा अंगठा लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला होता. त्यावर आडवा व्रण आहे.

मी कार्ड उजेडात नेऊन परत परत बघितलं.

गावी पोचलो, चहा व्हायच्या आतच कार्ड दादाच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते उलटून बघितलं. आत गेला आणि जुन्या ट्रंकेतून एक शर्ट घेऊन आला. वरचा खिसा उलटा करून दाखवला. आतून हळदीने पिवळा.

"आयला बी धुवू दिला न्हाय," तो म्हणाला. "तू आल्यावं दावायचा हुता."

त्याने अंगठा कार्डावर टेकवला. व्रण रेघेवर बसला. माझ्या फोनच्या आधी त्याने कार्डाला कधी हातही लावला नव्हता, आणि हात काळे झाले ते त्या सकाळच्या मोटारीने. हे आईही सांगते. तिच्यासमोरच त्याने टाकाखालून कार्ड ओढलं होतं.

आता सांगा. बारामतीच्या एसटीत बसलेल्या माणसाच्या बटण लावलेल्या खिशातलं कार्ड नैरोबीतल्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये कसं जातं? मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. बाईंच्या नजरेतून सुटलं म्हणावं तर ठसा आडवा येतो. दादाने नंबर आधी पाठ केला म्हणावं तर त्याला दुकानाच्या फोनचा नंबरही आठवत नाही. आई म्हणते बिरोबाने पोचवलं. मी म्हणतो, पोचवायचंच होतं तर आधीच बॅगेत घालायचं ना, दहा तास माझा आणि दोन वर्षं दादाचा जीव कशाला खायचा? उत्तर नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही.

पण मी गावी परतलो त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं. मी दादाला म्हटलं, "चुकलं माझं. ते पत्र आईने नाही ना ऐकलं?" आईला वाचता येत नाही, म्हणून आशा होती.

"ऐकलं की. तिला वाचून कोन दावनार? मीच."

"सगळं?"

"सगळं. खोटारड्यापाशी जरा थांबलो, तर म्हनाली, वाच की फुडं."

 दादाने कोनाड्यातून वही काढली, मधलं कोरं पान फाडलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"आता ह्ये बी लिव. कार्ड माज्या खिशात हुतं म्हून. तिला मी वाचून दावतो."

लिहून दिलं. आई चुलीपुढे बसली होती. दादा दारात उभा राहिला, घसा खाकरला, आणि त्याने ते मोठ्याने वाचलं, पहिल्या शब्दापासून माझ्या सहीपर्यंत.