अण्णांनी भरलेला पट्टा

मी जर्मनीला निघाले तेव्हा मला पोचवायला घरचं कुणी आलं नाही, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. आईला तिच्या गुडघ्यांनी सातारा स्टँडच्या पुढे येऊ दिलं नाही. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी ड्यूटीवर होते. सातारा-स्वारगेट गाडीवर ते कंडक्टर. रजा टाका म्हणून आईने आठ दिवस भुणभुण केली, पण ढिम्म. उलट मलाच म्हणाले, "माझ्याच गाडीनं चल की. जागा धरून ठेवतो."

मग मी त्यांच्याच गाडीने निघाले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मी, पायाशी दोन अवजड बॅगा आणि मांडीवर आईने दिलेला लाडवांचा डबा. अण्णांनी इतर प्रवाशांसारखं माझंही तिकीट फाडलं, चिमट्याने भोक पाडलं आणि पुढे सरकले. तीन तासांत एकदाही माझ्याजवळ टेकले नाहीत. स्वारगेटला माझा मामेभाऊ मुंबईला न्यायला गाडी घेऊन उभा होता. अण्णांनी बॅगा उतरवून दिल्या, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. वेळेवर जेवत जा." त्यांना परतीची फेरी होती. मला इतका राग आला की मी वळूनही पाहिलं नाही. हाताला काम असलं की डोळ्यांना पाणी काढायला वेळ मिळत नाही, हे तेव्हा कळायचं माझं वय नव्हतं.

बॉबलिंगेनमध्ये मला सॉफ्टवेअरची नोकरी होती, दीड खोल्यांचं घर होतं आणि शनिवार-रविवार करायला काहीही नव्हतं. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, बँक, विमा असे सगळे फॉर्म भरून झाल्यावर कुणी आपलं नाव विचारीनासं होतं, तेव्हा खरं परकं वाटायला लागतं. तुमच्यापैकी जे असे निघून आले त्यांना हे सांगायला नको. खालच्या मजल्यावर हेर ब्रेनर राहायचे. कारखान्यातून निवृत्त झालेले, मिशाळ आणि कमी बोलणारे. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मी रायफल चालवायचे, असं एकदा जिन्यात बोलता बोलता निघालं. पुढच्या रविवारी ते मला त्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या क्लबात, घेऊन गेले. तिथे मी पहिल्यांदा छऱ्यांची बंदूक हातात घेतली. वर्षभर सराव, मग परीक्षा, मग परवान्याचे कागद. या देशात कशाचाही फॉर्म असतो, पण एकदा शिक्का बसला की माणूस कायमचा त्यांच्यातला होतो.

या खेळाबद्दल एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या बंदुकीत एका दमात आठ काडतुसं मावायची आणि एका फेरीत वीसेक तरी उडवायची असायची, पळत पळत, घड्याळ लावून. म्हणजे मध्येच बंदूक भरावी लागते. उजव्या हाताने बंदूक सावरायची आणि डाव्या हाताने कमरेच्या पट्ट्यातली चार काडतुसं एकदम ओढून खालून आत सारायची. पट्ट्यावर चार-चार काडतुसांच्या क्लिपा असतात. नेम सगळ्यांचाच बरा असतो. जिंकतो तो, ज्याचा हात पट्ट्यावर चाचपडत नाही. माझा चाचपडायचा. शिवाय काडतुसं दोन प्रकारची. लाल म्हणजे छऱ्यांची, जवळच्या लोखंडी पाट्यांसाठी. काळी म्हणजे आत एकच जाड गोळी असलेली, लांबच्या कागदी निशाणांसाठी. काळं काडतूस जवळच्या लोखंडावर मारलं तर तुकडे उलटे अंगावर येतात. तशी चूक झाली की स्पर्धेतून बाहेर, तिथे दयामाया नाही.

माझी पाच वर्षं अशी मजेत गेली. मग आई गेली. मी तेराव्यापर्यंत राहिले आणि परत आले. अण्णा आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. दर रविवारी मी फोनवर म्हणायचे, इकडे या, आणि दर रविवारी त्यांचं एकच उत्तर, "माझं काय काम तिथं?" शेवटी मी तिकीट काढून व्हिसाचे कागदच पाठवून दिले, तेव्हा ते तीन महिन्यांसाठी आले. मला वाटलं होतं, आराम करतील. कसला आराम! ज्या माणसाने तीस वर्षं धावत्या गाडीत उभ्याने काढली, त्याला सोफ्यावर बसवणं म्हणजे शिक्षाच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळा जिना झाडून पुसून काढला. आमच्या भागात जिन्याची सफाई घरटी पाळीने असते, त्याला केरवोखे म्हणतात, आणि त्या आठवड्याची पाळी वरच्या बाईंची होती. त्या तणतणत खाली आल्या. त्यांची पाळी हिसकावून घेतल्याचा त्यांना अपमान वाटला होता! अण्णा केरसुणी हातात धरून ऐकत होते. एक शब्द कळला नाही, पण मतलब कळला. त्यानंतर ते खिडकीत बसून बस बघायला लागले. "बरोबर एकेचाळीस मिन्टाला येती," म्हणायचे, "कंडक्टर न्हाई तरीबी."

एका शनिवारी मी बैठकीत पट्टा बांधून सराव करत होते. काडतुसं लाकडाची, ब्रेनरनी घरच्या लेथवर करून लाल-काळी रंगवून दिलेली. अण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तू हात टाकतीस आन् मग शोधतीस. असं कसं चालंल?"

"मग कसं?"

"जे जास्त खपतं ते हाताजवळ. कमी खपतं ते लांब. आन् जागा एकदा ठरली की मरंस्तोवर बदलायची न्हाई."

त्यांनी सांगितलं तेव्हा मला त्यांची तिकिटांची पत्र्याची पेटी आठवली. घाटात, गर्दीत, अंधारात, पेटीकडे न बघता त्यांच्या अंगठ्याखाली हवं तेच तिकीट यायचं. रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी ते ती पेटी देवपूजेसारखी लावायचे आणि आई मागून "चहा गार होतोय" म्हणून ओरडायची. आम्ही पट्टा तसाच लावला. बकलापासून डावीकडे लाल क्लिपा, अगदी टोकाला काळी. महिनाभर रोज संध्याकाळी अण्णा माझं सेकंद मोजायचं घड्याळ हातात घेऊन बसायचे आणि मी पन्नासदा बंदूक भरायचे. माझा वेळ निम्म्यावर आला. अण्णांची भूक वाढली, ते ब्रेनरबरोबर फिरायला जाऊ लागले, "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायला शिकले. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मनात म्हटलं, आता दर वर्षी येतील.

आमच्या भागातल्या क्लबांची स्पर्धा जुलैत होती. आमच्या संघात चौघं होतो. माझी पाळी यायला अवकाश होता, म्हणून मी नाव नोंदवायला गेले. परत आले तर पट्टा भरून तयार. ब्रेनरनी काडतुसं काढून दिली होती आणि अण्णांनी लावली होती. मीच सांगितलं असेल असं ब्रेनरना वाटलं. अण्णा लग्नातल्या वरबापासारखे ताठ उभे होते. माझं नाव पुकारलं गेलं. मी पट्टा बांधला आणि धावले.

पहिली आठ छान गेली. डावा हात पट्ट्यावर गेला, चार काडतुसं हातात आली, आत गेली. इतकी सफाई मला कधीच साधली नव्हती. समोर दहा पावलांवर लोखंडी पाटी होती. मी बार काढला. आवाजच वेगळा आला. पाटी वाकून पडली, काहीतरी सूं करून माझ्या कानाजवळून गेलं आणि पंच ओरडले, "श्टॉप!"

कुणाला लागलं नाही, हे नशीब. बकलाजवळची क्लिप काळी होती. कंडक्टरची पेटी त्याच्याकडे तोंड करून असते. पट्टा कमरेला असतो तेव्हा त्याचं तोंड समोरच्याकडे असतं. अण्णांनी टेबलावर समोर ठेवून तो आपल्या पेटीसारखा लावला होता, काळी त्यांच्या डाव्या टोकाला, आणि माझ्या कमरेला आल्यावर डावं-उजवं होऊन तेच टोक बकलाजवळ आलं होतं. मी बाद झाले. माझ्यामुळे संघही बाद झाला.

मी अण्णांजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला हात लावायला सांगितलं होतं कुणी? हा काय तुमचा स्वारगेट स्टँड आहे?" मराठी कुणालाच कळत नव्हतं, पण आवाज कळण्यासारखा होता. अण्णांनी हात मागे घेतले आणि पाठीशी धरले. ते हात मला अजून दिसतात. घरी येताना ब्रेनर मला बाजूला घेऊन म्हणाले, बंदूक भरतेस तू, तर तपासायचंही तूच. पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी तुला. त्यांचं बरोबर होतं. नियमाच्या पुस्तकात पहिल्या पानावर तेच आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "लवकरचं तिकीट मिळतंय का बघ. तिकडं घर बंद हाय." त्यांचे अजून पाच आठवडे बाकी होते. मी "बघते" म्हणाले आणि बघितलं नाही. बापाची माफी कशी मागतात, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. आम्ही फार तर ताटात एक पोळी जास्त वाढतो. ती मी वाढली. त्यांनी ती परत ठेवली.

तीन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. चौथ्या दिवशी कामावरून आल्यावर मी रिकामा पट्टा कमरेला बांधला, लाकडी काडतुसांची टोपली टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. "भरा," म्हटलं.

"नको. पुन्यांदा चुकंल."

"अण्णा, चूक माझी होती. न बघता मी बंदूक भरली. आणि वर तुम्हाला बोलले. मागून उभं राहून भरा, म्हणजे माझ्या बाजूने दिसेल."

त्यांना उठायला खूप वेळ लागला. मग मागून त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेशी आले, लहानपणी परकराची नाडी बांधायला यायचे तसे, आणि एकेक क्लिप भरू लागले. लाल, लाल, लाल. भरून झाली की मी प्रत्येकीवरून बोट फिरवून मोठ्याने सांगायचे. मला रडू येत होतं आणि मी रंग मोजत होते. शेवटची भरून झाल्यावर ते म्हणाले, "काळी. आता बग आन् मगच भर, कोणी का लावंना." मग स्वयंपाकघरात गेले आणि त्या दिवशीही मी झाकून ठेवलेली जास्तीची पोळी खाल्ली. लवकरच्या तिकिटाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तीन महिने पुरे करून ते परत गेले. मी दर रविवारी फोन करत होते, पण या म्हणायची मला छाती होत नव्हती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनीच विषय काढला. "यंदा तुझी ती स्पर्धा कधी हाय?"

"यंदा पुढे गेलीये, सप्टेंबरात."

"मग व्हिसाचं त्या बेतानं बग. जूनमदी येऊन काय करू?"

तुम्ही जे तिकडे राहिलात, ते आम्हाला विचारता, आता तुझं घर कुठलं? आम्ही जे इकडे आलो, ते एकमेकांना विचारतो. मी बॉबलिंगेन म्हणते तेव्हा खोटं वाटतं आणि सातारा म्हणते तेव्हा जुनं वाटतं. मला आता एवढंच कळतं की जिथे आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ते घर. आई गेल्यावर साताऱ्यात अण्णांवाचून कुणाचं अडत नव्हतं, आणि मी मात्र त्यांना आराम करा, आराम करा म्हणत होते.

त्या सप्टेंबरात ते यायच्या आदल्या शनिवारी क्लबात सराव होता. पट्टा भरायला मला एव्हाना पाच मिनिटंही लागत नव्हती. ब्रेनरनी विचारलं, आज नुसतीच का उभी आहेस? मी म्हणाले, उद्या माझे वडील येतायत, ते आल्याशिवाय मला पट्टा भरायला जमत नाही.