छतात गुंडाळलेल्या कुरडया

आमच्या कॅरव्हॅनचं कापडी छत वहिनींनी फाडलं, असं आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. ते मी फाडलं. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली आणि त्यातली बहुतेक मी तीच गोष्ट रंगवून सांगण्यात घालवली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून त्या कोथरूडला आमच्याकडेच असतात. आम्ही दोघं नवराबायको नोकरीला, त्यामुळे घर त्यांनीच चालवलं. निवृत्त झाल्यावर मी वाघोलीच्या एका वर्कशॉपमधून जुन्या मिनीबसची कॅरव्हॅन करून घेतली. आत बिछाने, ओटा आणि एका बाजूला सरकती खोली. बटण दाबलं की बसची भिंत बाहेर सरकते आणि आत बसायला जागा होते. बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की खोली आहे तिथे थांबते. ही माहिती पुढे लागणार आहे.

खोली बाहेर असताना तिच्या टपावर पाला आणि पाणी साचतं, आणि आत घेताना तेही घरात येतं. म्हणून वर कापडी छत बसवतात. त्याची एक कड बसच्या भिंतीला, दुसरी खोलीच्या पुढच्या कडेवरच्या रुळाला. खोली निघाली की कापड उलगडतं, आत गेली की रुळाभोवती गुंडाळलं जातं. रुळातली स्प्रिंग ते ताणून धरते. बसवलं त्या दिवशी कारागीर शिडीवरून कापडाची कड भिंतीवरच्या खाचेत ओवत होता आणि दुसरं टोक सुरकुती पडू न देता वहिनींनी धरलं होतं. मी सूचना देत होतो.

"काका, आत घ्यायच्या आधी शिडी लावून वर बघायचं," कारागीर जाताना म्हणाला. "पाला हाय का, पाणी हाय का. ओलं असंल तर वाळू द्यायचं. मगच बटण."

मी मान हलवली. हे मला आधीच माहीत होतं, असं माझं मत होतं.

देखभाल मी मन लावून केली. साबणाच्या पाण्याने कापड धुवायचो, वाळवायचो, स्क्रूभोवतीचं सील तपासायचो. प्रवास त्या मानाने कमी झाले.

वहिनी दर उन्हाळ्यात कुरडया करत. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसल्यापासून तिथलं ऊन सोसायटीच्या मालकीचं झालं होतं. गॅलरीत कुरडया जेमतेम सुकल्या, खडखडीत होईनात. तेव्हा मीच म्हणालो, "वहिनी, आपलं छत आहे की. स्वच्छ, ताठ, मुंगीसुद्धा नाही."

"राहू द्या, भाऊजी. तुमचं यंत्र बिघडायचं."

"कापड आहे ते, यंत्र नाही."

शिडीवर मी चढलो. वहिनींनी खालून परात दिली आणि मी कुरडया पसरल्या.

बस सोसायटीत आमच्या पार्किंगमध्ये असायची आणि खोली उघडली की शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये शिरत असे, म्हणून ते बाहेर गेले असतानाच मी ती काढायचो. त्या दिवशी ते लवकर परतले, सोबत त्यांचे जावई.

"आपली खोली आमच्या जागेत आली आहे," शेजारी म्हणाले. "भाडेकरार करायचाय, की आपण ताबाच घेतलात?"

"एका बटणाचं काम आहे," मी म्हणालो. जावई कौतुकाने बघायला आले. मी बटण दाबलं.

पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींची हाक आली, "भाऊजी, थांबा."

मला ती ऐकू आली. कुरडयाही त्याच क्षणी आठवल्या. फक्त बोट उचलायचं होतं. पण जावई म्हणत होते, "काय स्मूद आहे हो," आणि खोली अर्ध्यात अडकली असती तर शेजारी काय म्हणाले असते तेही मला ऐकू येत होतं. मी बोट तसंच ठेवलं. वर काहीतरी कडकडा मोडत गेलं, रूळ तिरका झाला आणि कापड शिवणीतून फाटलं.

"वर काय होतं?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"वहिनींनी वाळवण घातलंय," मी म्हणालो. "विचारणं नाही, सांगणं नाही."

वहिनी तोवर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी परात उचलली आणि खाली पडलेले तुकडे वेचले.

पुढे नवं कापड बसवायला कारागिराने रूळ खोलला. "काका, स्प्रिंग बघायला गेलो तर कुरडया निघाल्या. तळायच्या का?"

तिथून ती गोष्ट झाली. लग्नात, बारशाला, मी ती सांगत गेलो आणि दर वेळी थोडी सुधारत गेलो. सत्तरी ओलांडलेल्या वहिनी शिडी चढून वर गेल्या कशा, हे कोणी विचारलं नाही. सगळे हसायचे, वहिनीही हसायच्या. फक्त आमच्याकडे कुरडया होणं बंद झालं आणि वहिनी विचारायला लागल्या. "भाऊजी, गीझर लावू का?" "गॅलरीत चादर वाळत घालू का?" जिने हे घर चालवलं ती बाई पंखा लावायला परवानगी मागायची, आणि मी ती द्यायचो.

यंदा घरात नातसून आली. स्वयंपाकघरात तिने हसत विचारलं, "आजी, ते छत फाडणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो, मीच," वहिनी पोळी उलटत म्हणाल्या.

रविवारी सगळे जेवायला बसल्यावर मी सांगितलं. कुरडया मी पसरल्या, बटण मी दाबलं, हाक मी ऐकली होती.

"शिडीचं मला तेव्हाच खटकलं होतं," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगत होतात."

वहिनी आमटी वाढत होत्या. "हाक पोचली नसेल, असं धरून चालले होते मी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.

नंतर बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काही विचारलंही नाही. मग एका सकाळी ओट्याखाली पातेल्यात गहू भिजत घातलेले दिसले. मी शिडी काढून पुसून ठेवली.

नव्या कुरडया छतावर पडल्या त्या दुपारी शेजारी गाडी घेऊन दारात उभे. "घेताय ना खोली आत?"

"विचारावं लागेल," मी म्हणालो आणि खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "वहिनी, घेऊ का आत?"

"थांबा."

शेजाऱ्यांनी गाडी रस्त्यावर लावली.