लाईनीतला बपेऱ्याचा पाहुणा

तुमसर तालुक्यातल्या एका मॅंगनीज खाणीची जुनी लाईन म्हणजे एका लांब छपराखाली कामगारांसाठी ओळीने बांधलेल्या वीस खोल्या. त्यातल्या अकरा नंबरात तेजराम जन्मला, तिथूनच खाणीत लागला, तिथेच रिटायर झाला. पण कागद घेऊन कोणी दारात आलं, की तो लगेच बपेरा गावाहून आलेला पाहुणा व्हायचा. रिटायर माणसाने खोली सोडायची, असा कंपनीचा नियम. त्यामुळे खोली टिकवायची तर आपण इथे राहतच नाही असं सांगायचं, ही युक्ती त्यानेच सगळ्या लाईनीला शिकवली होती.

यंदा उर्वशी नावाची मुलगी वही घेऊन आली. पंचायतीने पाठवलं म्हणाली. कोण कुठून आलं, कौलं जाऊन पत्रे कधी बसले, नळ कधी लागला, सगळं तिला हवं होतं. तेजरामचा पहिला संशय तिच्या चपलांवर. लाईनीतल्या काळ्या धुळीत इतक्या स्वच्छ चपला ऑफिसवाल्यांच्याच. दुसरा तिच्या गोड 'काकाजी'वर. त्याने पाहुणा असल्याचं सांगितलं, तिनेही ते निमूट लिहून घेतलं.

खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे शेजारच्या सत्यभामाबाईचं बोलणं त्याला आयतं ऐकू आलं. सासरा बालाघाटाकडून आला इथपासून तिने सगळं खरं सांगितलं. वर चहा पाजला. बाई फुटली, तेजरामची खात्रीच झाली.

महिन्याने पंचायतीच्या फळ्यावर राहणाऱ्यांची यादी लागली. खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर करून मागायचा अर्ज त्याच यादीवरून जाणार होता. अकरा नंबरापुढे होतं : 'रिकामी. पाहुणे येतात.'

तेजराम तडक आत उर्वशीकडे गेला.

"पोरी, मी तेथंच रायतो."

"तुमी त पाहुने होते ना काकाजी?"

"अडुसष्ट वर्सापासून पाहुनाच आहो."

उर्वशीने हसू दाबून वही उघडली. तेजरामने तिचा हात थांबवला. "अन् उद्या याच कागदावरून आमाले बाहेर काढलं त?"

"ते मले सांगता येत नाई. पन नाव नसन त तुमाले इचारनारच नाई कोनी."

त्याने तिचा हात सोडला. मग नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. 'रिकामी' हा शब्द स्वतःसमोर खोडून घेतला, लिहिलेल्यावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि सही केली.

"याची झेरॉक्स पायजे मले," म्हणाला, आणि ती हातात पडेपर्यंत पायरीवर बसून राहिला.