एका तासाचा लाल रुमाल

माझ्या घरात लाल कापड नाही. सुनेने एकदा हौसेने लाल पडदे आणले, ते मी त्याच दिवशी परत करायला लावले. म्हातारीचा हेका म्हणून तिने विषय सोडून दिला. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसरी मोठी लढाई संपली आणि मुंबईची असेंब्ली पुन्हा भरू लागली, तेव्हा मी नगरला आमच्या भागाच्या एमेलेसाहेबांकडे लेखनिक होते. मिशनच्या शाळेत शिकलेली, टायपिंग येणारी आणि दुसऱ्यांच्या मुलींना पाढे शिकवून कंटाळलेली. बंगल्याच्या पुढच्या खोलीत, ओटीला लागून, माझं टेबल होतं. असेंब्लीतून टपालाने बिलांच्या छापील प्रती येत. त्या लावून ठेवायच्या, लोकांची पत्रं त्या त्या बिलासोबत बांधायची आणि कुठलं बिल कुठवर पोचलं ते साहेबांनी विचारताक्षणी सांगायचं, हे माझं काम. साहेब माणूस भला, पण कागद म्हटला की त्यांना जांभया येत.

कचेरीत दप्तर रुमालात बांधतात, तसं मीही बांधत असे. रंगांची युक्ती मात्र माझी स्वतःची. नुसतं मांडलेलं बिल पांढऱ्या रुमालात. तपासणीसाठी सिलेक्ट कमिटीकडे गेलं की पिवळ्यात. मंजूर होऊन, गॅझेटात कायदा म्हणून छापून आलं की लाल. साहेबांना दारातूनच फडताळाकडे बघून सगळं कळे. येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे ते माझं कौतुक करत आणि मी खाली मान घालून मनातल्या मनात फुगत असे.

ती बाजाराच्या दिवशी यायची. सुप्याच्या अलीकडच्या एका गावची, कुणब्याची सून, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. शेवग्याच्या शेंगांची पाटी विकून झाली की मोटार सुटेपर्यंत आमच्या ओटीवर टेकायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूने नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. बायको असताना दुसरी करायला बंदी घालणारं बिल असेंब्लीत आलंय, हे तिने ओटीवरच्या लोकांच्या बोलण्यातून ऐकलं आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

मी तिला ते बिल दाखवलं. अवघी तीन-चार पानं. ती पाटी खाली ठेवून पानं उलटीसुलटी बघत राहिली आणि एवढ्याशा कागदाने तिची सासू ऐकेल का, असं तिने विचारलं. आमच्या ख्रिस्ती लोकांत एक बायको असताना दुसरी करता येत नाही, केली तर सरकार तुरुंगात घालतं, हे मी तिला जरा ऐटीतच सांगितलं. आजोबांनी धर्म बदलला त्यात माझं काय कर्तृत्व, पण तेव्हा मला ते आपलंच वाटलं.

मग मी तिला रुमालांचे रंग समजावले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला इतकं चटकन काही कळलेलं मी शाळेतही पाहिलं नव्हतं. तिने पदराच्या काठाचा एक हिरवा दोरा ओढून तोडला आणि त्या बिलाच्या रुमालाच्या गाठीला बांधला. इतक्या गठ्ठ्यांतला आपला कुठला ते लांबून ओळखू यावं म्हणून. मी हसून बांधू दिला. त्या दिवसापासून ती ओटीवर पाऊल ठेवायच्या आधी खिडकीतून फडताळाकडे बघे. रुमाल पांढरा दिसला की शेंगांचे भाव सांगे, पाणी पिई आणि जाई.

पावसाळ्यात असेंब्ली पुण्याला भरली आणि बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं. मी पिवळा रुमाल बांधला तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली. अजून कमिटी बसेल, कलमं बदलेल, बिल परत सभेत येईल, मग मतं पडतील, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली की वाटेला तर लागलं ना, मग पोचेल.

दिवाळीनंतर तिने वेगळी बातमी आणली. तुळशीचं लग्न झालं की नवऱ्याचं उरकायचं असं घरात ठरलं होतं. मात्र तिच्या भावाने पंचांपुढे भांडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. तिने राजीखुशीने होकाराचा अंगठा दिला, तर तिला वेगळी खोली आणि विहिरीकाठची दोन एकर जमीन तिच्या हयातीपर्यंत लिहून मिळणार होती. नाही म्हटलं, तर काहीच नाही. पंच पुढच्या बाजारानंतर बसणार होते. अंगठा द्यावा की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. ती म्हणाली, “पुढल्या बाजारी येऊन बघते. पिवळंच असलं तर देते अंगठा.”

त्या बाजाराच्या दिवशी सकाळी माझ्या हातून दौत लवंडली. तिच्या बिलाचा पिवळा रुमाल भिजला, कागद थोडक्यात बचावले. मी रुमाल धुऊन मागच्या दारी दोरीवर टाकला. गठ्ठा उघडा कसा ठेवायचा? हाताशी एकच कोरा रुमाल होता, लाल. वाळेपर्यंत तासभर असू दे, म्हणून मी तो बांधला. हिरवा दोराही आठवणीने वर बांधला. माझ्या नीटनेटकेपणाला काही तोड नव्हती.

साहेब आतल्या खोलीतून पत्र सांगत होते आणि मी दाराशी खुर्ची ओढून लिहून घेत होते. मान वर केली तर ती खिडकीत उभी. फडताळाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात जोडले आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मीही हसले. साहेब पुढचं वाक्य सांगत होते. त्यांना थांबवणं मला बरं दिसलं नाही. मोटारीची घाई असेल तिला, असं मनात आलं, आणि मी लिहीत राहिले.

दुपारी पिवळा रुमाल वाळला. गठ्ठा सोडायला हात घातला आणि ती कशाला हसली होती ते मला कळलं. मोटार केव्हाच गेली होती. तिच्या गावी निरोप धाडता आला असता. सायकलवाला माणूस मिळाला असता. पण साहेबांना काय सांगायचं, याची मला लाज वाटली. ती पुन्हा विचारायला येईलच, अशी मी माझी समजूत घातली. ती समजूत किती खोटी आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

ती तिसऱ्या बाजारी आली. पाटी नव्हती, बोचकं होतं. भाऊ बाहेर उभा होता. पंचांपुढे तिने सांगितलं होतं, कायदा झालाय, मी डोळ्यांनी बघितलाय, अंगठा देणार नाही. पंच घाबरले. त्यांनी तलाठ्याला विचारलं, आणि तलाठ्याने असा कायदा झालेला नाही म्हणून सांगितलं. सगळी चावडी हसली. खोटं बोलून पंचांना भेडसावलं म्हणून जमिनीचं कबूल केलेलं रद्द झालं. चार दिवसांनी नवऱ्याचं लग्न लागलं.

ती म्हणाली, “बाई, लाल हुतं. मी बघितलं हुतं.”

मी रुमाल धुवायला टाकल्याचं तिला सांगितलं. तिने फडताळाकडे बघितलं.

“रुमाल धुत्यात, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई,” ती म्हणाली. रागाने नव्हे. चूक तिचीच होती, अशा सुरात.

पुढच्या बैठकीत बिल मंजूर झालं. उन्हाळ्यात गॅझेट आलं. मी गठ्ठा लाल रुमालात बांधला. हिरवा दोरा मी बांधला नाही, टेबलाच्या खणात ठेवला. दोन-तीन बाजार गेले आणि एका दुपारी ती खिडकीत उभी दिसली. भावाच्या घरी राहून ती दुसऱ्यांच्या रानात कामाला जात होती. हात काळवंडले होते.

“ह्यो खरा हाय का?” तिने विचारलं.

मी हो म्हणाले. झालेल्या लग्नाला हा कायदा लागू नाही, हेही सांगावं लागलं. तिने मान हलवली. ते तिला आधीच कुणीतरी सांगितलं असावं.

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “त्या पोरीला अजून दिवस गेलं न्हाईत. सासू आत्ताच बोलाया लागली हाय. पन आता तिच्यावर कुनी यायची न्हाई.”

एवढंच विचारायला ती उन्हातून आली होती. माफी मागायचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. त्याऐवजी मी विचारलं, पाणी घेतेस का. ती नको म्हणाली आणि गेली.

तिचा दोरा अजून माझ्यापाशी आहे.